रस्ता पोचण्याआधीचं गाव

सूक्ष्मदर्शकाखाली हॉपच्या वेलीचा शेंडा धरायचा आणि सुईच्या टोकाने एकेक कोवळं पान सोलत जायचं. पानाच्या आत पान, त्याच्याही आत इवलंसं पान. शेवटी उरतो एक पाणीदार, चकचकीत घुमट. अर्ध्या मिलिमीटरहून लहान. खसखशीचा दाणाही त्याच्यापुढे थोराड वाटावा. सगळी वेल विषाणूंनी ग्रासलेली असली, तरी हा ठिपका बहुधा निरोगी असतो!

विषाणू लांबचा पल्ला गाठतात तो रसवाहिन्यांतून, आणि या घुमटापर्यंत वाहिन्या अजून पोचलेल्याच नसतात. रस्ता होण्याआधीचं गाव म्हणा ना. 1952 साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लोद मार्तँ यांनी आजारी डेलियाचा असाच शेंडा काचेच्या नळीत वाढवून निरोगी झाड मिळवलं.

हॉपला याची गरज मोठी. बिअरला कडवटपणा आणि गंध देणारे शंकूसारखे फुलोरे फक्त मादी वेलीवर येतात. बी पेरलं तर नर वेलीही उगवतात, शिवाय आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून चेक देशात झाटेत्सच्या परिसरात, सात मीटर उंच तारांवर चढणारी साझ जातीची वेल पिढ्यान्‌पिढ्या छाटे लावूनच वाढवली गेली. गंध टिकला, पण छाट्यातून छाट्यात आजारही उतरत गेले. आज तिथल्या हॉप संशोधन संस्थेत विषाणूमुक्त रोपं तयार होतात.

तो घुमट बाटलीत अगारवर ठेवतात. समुद्रशेवाळापासून बनलेल्या या जेलीत साखर, क्षार आणि संप्रेरकं असतात. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर त्यातून रोप उभं राहतं. मग तपासणी, आणि शुद्ध ठरलं तरच पुढची वाढ. हॉपच्या प्रत्येक पेराला समोरासमोर दोन पानं आणि त्यांच्या बेचक्यात डोळे. पेर कापून नव्या बाटलीत ठेवलं की नवं रोप. एका रोपाची दर खेपेला चार झाली, तर सहा खेपांत 4,096! जळगावच्या केळीबागायतदाराला ही ‘टिश्यूची रोपं’ चांगली ओळखीची आहेत.

एक शत्रू मात्र विलक्षण चिवट. हॉपमधला सुप्त व्हायरॉइड म्हणजे अवघ्या 256 अक्षरांचा आरएनएचा धागा. त्याला प्रथिनाचं कवचसुद्धा नाही. विषाणूंना मंदावण्यासाठी वेलीला ऊब देतात, पण हा उबेत उलट फोफावतो. त्याच्यासाठी वेल आधी कित्येक महिने गारठ्यात ठेवायची आणि मगच शेंडा काढायचा. ही युक्ती ज्यांना सुचली, त्यांच्या चिकाटीला मी मनापासून नमस्कार करते.

बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही. एकदम बाहेर काढलं तर रोप कोमेजतं. म्हणून आधी प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ठेवून त्याला बाहेरच्या हवेची थोडी थोडी सवय लावतात. मग शेजारी दोरी बांधली, की काचेत जन्मलेला तो कोवळा देठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तिला वेढे घालू लागतो, झाटेत्सच्या तारांवरच्या वेली घालतात तसेच.