शब्द पाळणारं मशीन

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत सकाळी गेलं, की छोट्या मशीन शॉपच्या दारात फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या राशी दिसतात. पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची हाउसिंग. बीड ओतलं फाउंड्रीने. त्याला मापात आणायचं काम या दोन-चार मशीनच्या शॉपचं. जॉबवर्कचा हा सगळा धंदा शब्दावर चालतो. शनिवारी दोनशे नग देतो म्हटलं, की शनिवारी दोनशे नग गेले पाहिजेत. म्हणून अशा शॉपमध्ये पहिलं व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, घ्यायचं ठरतं, तेव्हा मालकाचा शब्द पुढे पाळणार कोण, हेच खरं तर ठरत असतं.

लेथवर जॉब फिरतो, व्हीएमसीवर टूल फिरतं. उभ्या स्पिंडलखाली टेबल डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे सरकतं, स्पिंडल खाली-वर होतं, आणि फेसिंग, ड्रिलिंग, बोअरिंग, टॅपिंग एकाच पकडीत उरकतं. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने छिद्रपट्टीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तरी टूल बदलायला माणूस लागतच होता. १९५८ मध्ये मिलवॉकीजवळच्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीने टूल आपोआप बदलणारं ‘मिलवॉकी-मॅटिक’ आणलं. पण ते मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यातलं होतं. १९८८ साली हास कंपनीने ५० हजार डॉलरच्या आत व्हीएमसी देऊ केलं, आणि अमेरिकेतल्या छोट्या शॉपसाठीही दार उघडलं. आपल्याकडच्या उद्योजकासमोर आज बेंगळुरू, राजकोट आणि कोइमतूरची देशी बनावटीची मशीन आहेत, शिवाय तैवान, जपान, कोरियाची. सगळ्यांचे कॅटलॉग सुंदरच असतात.

म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवून आधी आपला जॉब टेबलावर ठेवावा. येत्या पाच वर्षांत कुठल्या मापाचं, किती वजनाचं, कुठल्या धातूचं काम येणार? ॲल्युमिनियमचे लहान भाग ड्रिल-टॅप करायचे असतील, तर टूल धरणाऱ्या लहान बीटी ३० टेपरचं चपळ मशीन पुरतं. बीडाच्या मध्यम कास्टिंगला बीटी ४० लागतं आणि जड कापाला बीटी ५०. मिनिटाला बारा हजार फेऱ्यांचा स्पिंडल ऐकायला छान वाटतो, पण मोठ्या फेस-मिलने बीड कापताना काही शेच फेरे लागतात. तिथे कमी वेगावर मिळणारा टॉर्क बघायचा. टेबलावर फिक्स्चर चढवून वर टूलला किती जागा उरते, हेही कागदावर काढून पाहावं. मशीन आल्यावर जागा वाढत नाही.

मग गाइडवेचा, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या मार्गांचा प्रश्न. एलएम गाइडवर टेबल गोळ्यांवर किंवा रोलरवर धावतं. घर्षण कमी, चाल जलद. बॉक्सवेमध्ये रुंद पट्ट्या एकमेकींवर सरकतात. चाल संथ, पण जड कापाचे धक्के त्या पचवतात. दोन्ही चांगलेच; निवड कामावर ठरते. कोल्हापूरकराने मात्र कव्हर आणि वायपर हाताने चाचपून बघावेत. बीड कापताना लांब कीस निघत नाही, भुकटी उडते. तिच्यात साच्याच्या वाळूचे कणही असतात. कूलंटमध्ये मिसळली की ती गाळ होऊन बसते. ही भुकटी गाइडवेत आणि टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूमध्ये शिरली, की अचूकता पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजत जाते.

दुसरा शत्रू उष्णता. एक मीटर पोलाद एक अंशाने तापलं, की साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. बॉलस्क्रूचा अर्धा मीटर भाग स्वतःच्याच घर्षणाने पाच अंशांनी तापला, तर वाढ जवळपास २९ मायक्रॉनची. ५० मिलिमीटरच्या एच ७ बोअरची सगळी सूटच २५ मायक्रॉनची असते, यावरून अंदाज यावा. बोअरचं माप टूल राखेल, पण दोन बोअरमधलं अंतर दुपारपर्यंत सरकलेलं असेल. म्हणूनच शोरूममधला पंधरा मिनिटांचा डेमो पुरेसा नाही. आपलं कास्टिंग, आपलं ड्रॉइंग घेऊन जावं, सलग पाळीभर नग काढावेत आणि पहिला, मधला, शेवटचा मोजावा. स्पिंडलमध्ये ३०० मिलिमीटरचा टेस्ट बार लावून डायल फिरवावा. बॉलबार चाचणीचा आलेख मागावा. वर्तुळ कुठे चेपलंय, यावरून बॅकलॅश आणि काटकोनातली चूक कळते.

आता पैशांचं गणित. समजा, मशीनचा ताशी दर ५०० रुपये आणि आठ तासांच्या दोन पाळ्या. म्हणजे दिवसाचे ८,००० रुपये. खरेदीत वाचवलेले दोन लाख पंचवीस दिवसांच्या बंदमध्ये संपले. पाच वर्षांत पंचवीस, म्हणजे वर्षाला फक्त पाच दिवस. हप्ता त्या दिवसांतही चालूच राहतो. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा : सर्व्हिस इंजिनिअर कुठल्या गावात बसतो, आणि स्पिंडल, ड्राइव्ह, बोर्ड किती दिवसांत मिळतात? फॅनुक किंवा सीमेन्ससारखा कंट्रोलर असेल, तर त्यावर हात बसलेला ऑपरेटर आणि दुरुस्ती जाणणारा माणूस जिल्ह्यातच सापडतो.

भरवशाचा अर्धा वाटा मालकाकडेही आहे. पक्का पाया, स्वतंत्र अर्थिंग, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसरमधून येणारी कोरडी हवा, रोजचं स्लाइड ऑइल, पॅरामीटरचा बॅकअप, आणि एन्कोडरची बॅटरी वेळेत बदलणं, तीही मशीन चालू असताना. बंद मशीनमध्ये ती संपली, तर ॲक्सिस आपलं शून्यच विसरतात.

आणि ॲडव्हान्स देण्याआधी एक फेरी करावी. तेच मॉडेल पाच-सहा वर्षं चालवणारं शॉप शोधावं. मालकाला भेटावंच, पण पाळी बदलताना ऑपरेटरशी बोलावं. ‘दादा, दुपारी ऑफसेट किती वेळा बदलावा लागतो?’ एवढंच विचारावं. ऑफसेट म्हणजे सरकलेलं माप सावरायला कंट्रोलरमध्ये घातलेली दुरुस्ती. ज्याच्या हाताखाली मशीन रोज चालतं, त्याला त्याचा स्वभाव ठाऊक असतो. ‘सकाळी एकदा लावतो, मग बघावं लागत नाही’ असं तो सहज म्हणाला, तर शनिवारचे दोनशे नग कुणाच्या भरवशावर कबूल करायचे, ते ठरलं.