डाख कुठे हवा, कुठे नको

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळणारी तरुणी बोईसरच्या दुकानात हलका, पातळ लॅपटॉप घ्यायला जाते, तेव्हा एक निर्णय तिला उभ्याउभ्या आणि कायमचा घ्यावा लागतो: रॅम 8 जीबी की 16? पूर्वी आज 8 घ्यायची आणि दोन वर्षांनी हातात पैसे आले की आणखी एक पट्टी स्लॉटमध्ये बसवायची, असं चालायचं. आता पातळ लॅपटॉपांत रॅमच्या चिप बहुधा थेट मदरबोर्डवर डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. बेताच्या पगारात जमेल तसं यंत्र वाढवत नेण्याची सोय गेली. याचा मला राग येतो. पण सगळा राग कंपन्यांवर काढणं विज्ञानाला धरून होणार नाही.

अशा लॅपटॉपांतली एलपीडीडीआर5एक्स जातीची रॅम एकेका तारेवरून सेकंदाला 853 कोटी बिट पाठवू शकते. म्हणजे एका बिटच्या वाट्याला सुमारे 117 पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात पोकळीतून जाणारा प्रकाशसुद्धा साडेतीन सेंटिमीटरच पुढे सरकतो, आणि बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून धावणारा संकेत त्याच्या जेमतेम निम्मं अंतर कापतो. पावणेदोन सेंटिमीटरांत एक बिट, त्याला लागून लगेच दुसरा! इतक्या दाटीत स्लॉटमधला धातूचा प्रत्येक सांधा अडचण करतो. तिथे तारेची प्रतिबाधा (इम्पीडन्स) बदलते, संकेताचा काही अंश उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. त्यातच बॅटरी वाचावी म्हणून या रॅमचे संकेत अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठेवलेले असतात, त्यामुळे जराशी गडबडही चालत नाही. अंतर कमी करा, सांधे काढून टाका, हा उपाय खराखुरा आहे.

डेटा साठवून ठेवणाऱ्या एसएसडीच्या बाबतीत मात्र ही सबब टिकत नाही. एम.2 स्लॉटमध्ये बसवलेली एसएसडी पीसीआयई 4.0च्या चार मार्गिकांवरून सेकंदाला जवळपास 8 जीबी डेटा सांध्यातून बिनचूक नेते. तरीही काही लॅपटॉपांत तीसुद्धा बोर्डवर पक्की असते. शिवाय रॅम वापराने फारशी झिजत नाही. एसएसडीतली फ्लॅश मेमरी झिजते. जुनं पुसून नवं लिहिताना दर वेळी विद्युतभार अडवून धरणारा ऑक्साइडचा पातळ थर थोडा थोडा बिघडत जातो. बॅटरीही झिजते, उष्णतेत अधिकच. हे भाग कधीतरी बदलावे लागणार, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. नेमक्या त्यांनाच डाख किंवा गोंद लावणं मला अक्षम्य वाटतं.

झिजणारा भाग बदलता येण्याचं मोल तारापूरइतकं कोणाला कळेल? इथल्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिले आणि ऑक्टोबर 1969मध्ये त्यांचं व्यावसायिक वीजउत्पादन सुरू झालं. क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ती वापरातून काढावी लागली आणि क्षमता 160 मेगावॉटवर आली. 1974च्या पोखरण अणुचाचणीनंतर परदेशी मदतीचा ओघ आटला, तरी इथल्या अभियंत्यांनी किरणोत्सर्गाचा धोका सांभाळत हे संच चालते ठेवले. 2020मध्ये संच थांबवून त्यांचे पुनर्अभिसरण पाइप बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. पन्नाशी उलटलेल्या अणुभट्टीचे पाइप कापून नवे जोडता येतात, मग तीन वर्षांच्या लॅपटॉपची साठवण का बदलता येऊ नये?

रॅमचा प्रश्नही सुटू लागला आहे. जेडेक या प्रमाणसंस्थेने डिसेंबर 2023मध्ये कॅम2 हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात रॅमचं सपाट कार्ड स्क्रूने बोर्डवर दाबून बसतं, संकेताची वाट आखूड राहते आणि कार्ड काढून दुसरं घालता येतं. 2024मध्ये असे लॅपटॉप बाजारात आले, पण ते अजून महागड्या गटातले आहेत. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी असावी, हा नियम लागू होतो. आपल्याकडे डिसेंबर 2022मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्याच्या जोडीला एक साधी सक्ती हवी: रॅम, एसएसडी आणि बॅटरी यांपैकी काय बदलता येतं आणि काय नाही, हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीतही, खोक्यावर छापलेलं असावं. तोवर दुकानात पैसे मोजण्याआधी विचारा: रॅम ऑनबोर्ड, म्हणजे बोर्डवर पक्की, आहे की स्लॉटमध्ये, आणि एखादा स्लॉट रिकामा आहे का?