औषध संपल्यावर कुठे जायचे? नांदेड-लातूरच्या मानसिक आरोग्यसेवांचा नकाशा

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. त्यामुळे आपल्या भागात मानसिक आजारावर काहीच सोय नाही, असे अनेक कुटुंबे धरून चालतात. ते खरे नाही. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे मनोविकारांवर उपचार होतात. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ निघाला, त्यात हे दोन्ही जिल्हे होते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

सेवा आहेत, पण एका सेवेकडून दुसरीकडे जाण्याची वाट कुणी आखून ठेवलेली नाही. आमच्या मते खरी अडचण इथे आहे.

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका तरुणाला विष्णुपुरीला दाखवले. आजाराचे निदान झाले, गोळ्या लागू पडल्या, महिनाभराचे औषध घेऊन तो गावी परतला. औषध संपले. परत जायचे तर एक माणूस सोबत हवा, दोघांचे भाडे हवे, दोन दिवसांची मजुरी बुडणार. तोवर तो बराही दिसू लागलेला असतो. गोळ्या थांबतात. काही आठवड्यांनी आजार उलटतो आणि मग घरचे म्हणतात, दवाखान्याचा गुण आला नाही. पुढचा रस्ता अंगारे-धुपाऱ्यांकडे जातो, तो आपल्याला ठाऊक आहे.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड जवळ नसले तरी, सरकारी उपचार मोफत आहेत. म्हणून नकाशा करताना नुसते पत्ते उतरवून भागणार नाही. मुखेडला, उदगीरला, गोकुंद्याच्या रुग्णालयात जाऊन विचारायला हवे: मनोविकाराची तपासणी कोणत्या वारी? कोणत्या गोळ्या आज शिल्लक आहेत? लिथियम घेणाऱ्याची रक्ततपासणी कुठे होते? फोन कोण उचलतो? मानसिक आजारामुळे येणाऱ्या अपंगत्वाचा दाखला कोण देते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. तो दाखला आणि तहसीलमधला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज या दोन टेबलांमध्ये कितीतरी माणसे अडकतात.

दुसरी तुटलेली वाट याहून जिवावरची आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस अपघात विभागातून थेट घरी जातो. त्याच इमारतीतल्या मनोविकार विभागापर्यंत त्याला कुणी नेत नाही. पोलिसांच्या भीतीने नातेवाईकही ‘चुकून झाले’ म्हणतात. त्यांना सांगायला हवे की कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेलेही नाही. घरी परतल्यावर पुढचे काही आठवडे फार नाजूक असतात. त्या काळात कोणती आशाताई भेटणार, हे सुट्टी मिळण्याआधी ठरले पाहिजे.

नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवू नये. किनवटच्या माणसाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ. अहमदपूर नांदेड आणि लातूरच्या जवळपास मध्यावर. उदगीरकर बिदरलाही जातात. माणसे एसटी जिकडे जाते तिकडे जातात, पण एकीकडचे कागद दुसरीकडे पोचत नाहीत आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. लातूरमध्ये शिकवणीसाठी आलेल्या मुलांचे तर घर एका जिल्ह्यात, खोली दुसऱ्यात. त्यांच्या वसतिगृहांच्या भिंतीवर शिकवणीच्या जाहिरातींशेजारी १४४१६ लिहायला कितीशी जागा लागते!

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. या नकाशात दवाखाने असावेत, रुग्णांची घरे नसावीत. गावातल्या ‘अशा’ माणसांची यादी उत्साहाने केली की ती चावडीवर पोचायला वेळ लागत नाही. त्याच कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते.

कामाची सुरुवात तालुक्यापासून करावी. नांदेडचे १६, लातूरचे १० असे २६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या दोघा-तिघांनी, त्यांत एक आशाताई आणि शक्य तर आजारातून सावरलेली एक व्यक्ती, वरचे प्रश्न विचारून एक पान भरावे. वर तारीख घालावी, कारण डॉक्टरांच्या बदल्या होतात आणि वार बदलतात. विहाराच्या फलकावर ते पान लावावे, एक प्रत ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना द्यावी. दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. औषध नसल्याची नोंद सलग दोनदा आली, तर ती तारखांसह जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.