स्टँडमधली गाणी आणि खेळाडूंचा बाजार

इंग्लंडमधल्या कोणत्याही फुटबॉलवेड्या शहरात जुलै-ऑगस्टच्या दिवसांत चार पाठीराखे एकत्र जमले, की गप्पांचा विषय ठरलेला असतो. कोण येणार, कोण जाणार, क्लबने किती कोटी पौंड मोजले आणि तेवढ्या लायकीचा तो गडी आहे का? एखाद्याचे नाव पक्के झाले, की या चर्चेला वेगळेच वळण लागते. याच्या नावाला कोणती चाल बसेल? नावात अक्षरे किती, आघात कुठे येतो, कोणत्या जुन्या गाण्याच्या ध्रुवपदात ते चपखल बसेल, याचा खल सुरू होतो. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल, आणि काही अंशी तो आहेही. परंतु या थट्टामस्करीच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. खेळाडूची किंमत मालक मोजतो, दलाली एजंट घेतो, पगार खेळाडूला मिळतो. वर्षानुवर्षे तिकीट काढून येणाऱ्या पाठीराख्याच्या हाती या साऱ्या व्यवहारात काय असते? त्याच्या हाती असते ते गाणे. ते तो स्वखुशीने देतो आणि मनात आले की काढूनही घेतो.

मैदानावर सामूहिक गाण्याची प्रथा तशी जुनी असली, तरी तिला आजचे रूप आले ते १९६० नंतरच्या दशकात, लिव्हरपूलमध्ये. बीटल्समुळे हे बंदराचे शहर तेव्हा साऱ्या जगाच्या कानावर होते. १९६४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाचे पथक अ‍ॅनफिल्ड मैदानावर गेले, तेव्हा ‘कॉप’ नावाच्या उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्यांवर हजारो माणसे बीटल्सची आणि सिला ब्लॅकची गाणी एका सुरात गात होती. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे लिव्हरपूलचे जणू कुलगीतच. ते मुळात १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीतिकेतले. शहरातल्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या चमूने १९६३ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले, ते विक्रीच्या यादीत अव्वल ठरले आणि कॉपने ते कायमचे ठेवून घेतले.

उसन्या चालीचे आपल्याला अप्रूप वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे पदांच्या जुन्या छापील वह्यांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे नाव दिलेले असे, आणि गणेशोत्सवात सिनेमाच्या चालींवर रचलेली भक्तिगीते तर कानावरून हटत नाहीत. स्टँडमधला गीतकारही हेच करतो. नवी चाल शिकवायला त्याला वेळ नसतो आणि वाद्ये नसतात. चाळीस हजार लोकांना आधीच ठाऊक असलेली चाल घ्यायची, तीत नवे नाव बसवायचे, एवढाच मार्ग उरतो. आर्सेनलच्या पाठीराख्यांनी पॅट्रिक व्हिएरासाठी घेतलेली चाल डोमेनिको मोदुन्यो यांच्या १९५८ च्या इटालियन ‘व्होलारे’ची. का, तर ‘व्होलारे’ आणि ‘व्हिएरा’ तोंडात सारखेच घोळतात. अमुक खेळाडू जगात एकमेव आहे असे ठणकावून सांगणाऱ्या असंख्य ब्रिटिश घोषणा क्यूबाच्या ‘ग्वांतानामेरा’वर बेतलेल्या असतात.

गंमत अशी, की खेळाडूंप्रमाणे चालींचीही अदलाबदल होते. फक्त तिला ना मुदत, ना एजंट, ना शुल्क. ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या अमेरिकी जोडीचे ‘सेव्हन नेशन आर्मी’ २००३ मध्ये आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे पाठीराखे एसी मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी इटलीत गेले होते. ते तिथे त्याची धून गुणगुणू लागले. क्लब जिंकला आणि धून घरी आली. २००६ च्या फेब्रुवारीत रोमाचा संघ ब्रुजला खेळायला गेला, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी ती उचलून इटलीत परत नेली. काही महिन्यांतच इटलीने विश्वचषक जिंकला आणि ती धून साऱ्या देशाची झाली. मूळ गाण्याशी फुटबॉलचा काडीचाही संबंध नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

याहून खट्याळ उदाहरण व्हर्जिल व्हॅन डाइकचे. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलने हा डच बचावपटू सुमारे साडेसात कोटी पौंडांना साउदॅम्प्टनकडून घेतला. त्याच्या गाण्याची चाल आहे ‘डर्टी ओल्ड टाऊन’ची. यूअन मॅकॉल यांनी १९४९ मध्ये लिहिलेले हे गाणे सॅल्फर्डविषयी आहे, म्हणजे मँचेस्टरला चिकटलेल्या, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावरच्या गावाविषयी. हाडवैऱ्याच्या अंगणातली चाल आपल्या सरदाराला! हे ध्यानात आले तरी कोणी ती टाकून दिली नाही.

आता त्या बाजाराविषयी. ‘खेळाडू विकला’ असे आपण सहज म्हणतो. काटेकोरपणे पाहता विकली जाते ती त्याची नोंदणी, म्हणजे कराराची मुदत शिल्लक असताना त्याला खेळवण्याचा हक्क. इंग्लंडमध्ये १८९३ पासून लीगने या नोंदणीवर क्लबची पक्की पकड बसवली होती. करार संपला तरी क्लबच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येत नसे. १९०५ मध्ये अल्फ कॉमनसाठी मिडल्सबरोने सुंदरलँडला हजार पौंड दिले, तेव्हा केवढा गहजब झाला होता! १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात न्यायालयाने ती पकड सैल केली. ती खऱ्या अर्थाने सुटली ती १५ डिसेंबर १९९५ रोजी. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान यांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपल्यावर युरोपीय संघाच्या नागरिक असलेल्या खेळाडूला संघातल्या दुसऱ्या देशातील क्लबकडे जाताना शुल्काची आडकाठी घालता येणार नाही. पुढे २००२-०३ च्या हंगामापासून अदलाबदलीसाठी वर्षातून दोनच मुदती, अर्थात ‘ट्रान्सफर विंडो’, जगभर लागू झाल्या. २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने बार्सिलोनाला दिलेली रक्कम होती २२ कोटी २० लाख युरो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासाना दियारा प्रकरणात याच न्यायालयाने फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. पारडे खेळाडूच्या बाजूने असे झुकत गेले आहे, आणि कामगार म्हणून त्याचा हा हक्क नाकारण्याचे कारण नाही.

पाठीराख्याची अडचण मात्र इथेच सुरू होते. खेळाडूचे नाव त्याने आपल्या गाण्यात गुंफलेले असते. खेळाडू गेला, की त्या गाण्याचे करायचे काय?

कधी गाणे खेळाडूच्या मागोमाग जाते. फ्रान्सचा एरिक कँटोना १९९२ मध्ये लीड्सला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात होता. दोन उद्गार आणि पुढे त्याचे नाव, एवढीच घोषणा तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अवघ्या बारा लाख पौंडांत तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला. लीड्सकरांच्या दृष्टीने याहून वाईट पत्ता नव्हता. त्याहून बोचरे म्हणजे ती घोषणाही मँचेस्टरने जशीच्या तशी उचलली. शुल्क मिळाले ते खेळाडूचे. गाणे फुकटच गेले. कँटोना १९९७ मध्ये निवृत्त झाला, त्यानंतरही वर्षानुवर्षे नाताळच्या एका जुन्या गीताच्या चालीवर युनायटेडचे पाठीराखे त्याचे नाव गात राहिले.

कधी गाणे उलटते. सोल कॅम्पबेल हा टॉटनहॅमचा कर्णधार. २००१ मध्ये करार संपताच तो एक पैचेही शुल्क न देता थेट शेजारच्या वैऱ्याकडे, आर्सेनलकडे गेला. त्या नोव्हेंबरात तो जुन्या मैदानावर परतला, तेव्हा प्रेक्षकांत ‘जुडास’ लिहिलेले फुगे फिरत होते. स्पेनमध्ये लुईस फिगोने २००० साली बार्सिलोना सोडून रेआल माद्रिद गाठले. २००२ मध्ये तो बार्सिलोनात खेळायला आला असता कोपऱ्यातली किक घेताना त्याच्या दिशेने बाटल्यांबरोबर डुकराचे मुंडकेही येऊन पडले. टवाळी आणि द्वेष यांच्यातली रेषा पुसट असते ती अशी. कॅम्पबेलच्या बाबतीत तर ती सपशेल ओलांडली गेली. २००८ मध्ये तो पोर्ट्समथकडून खेळत असताना टॉटनहॅमच्या काही प्रेक्षकांनी त्याच्याविषयी इतके अश्लाघ्य प्रकार गाऊन म्हटले, की त्यांना न्यायालयात खेचले गेले आणि काहींना शिक्षाही झाली. मैदानावरील वंशद्वेषी वा अश्लील घोषणा १९९१ च्या कायद्याने गुन्हा ठरवल्या आहेत. ‘सामन्यात सगळे चालते’ हे समर्थन तेव्हापासून निदान कायद्यापुढे टिकत नाही.

ताजे उदाहरण ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षापासून त्याच क्लबच्या प्रबोधिनीत वाढलेला, २०१९ मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवणारा हा घरचा मुलगा. २०२५ मध्ये कराराच्या अखेरीस आपण जाणार, असे त्याने जाहीर केले. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला, तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांतल्या अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. माद्रिदने त्याला महिनाभर आधी नेण्यासाठी थोडीशी रक्कम दिली खरी, पण त्याच्या बाजारभावापुढे ती नगण्य होती. याउलट २०१८ मध्ये फिलिपे कुटिन्यो बार्सिलोनाला गेला, तेव्हाही लोक दुखावले होते. मात्र क्लबला चौदा कोटी पौंडांच्या घरात रक्कम मिळणार होती. तो राग लवकर निवला. बोस्मानचा निकाल कामगाराच्या बाजूचा होता आणि योग्यच होता. परंतु मागे राहणाऱ्यांच्या हाती काही न ठेवता जाण्याची सोय त्यानेच केली, आणि हुर्योत तो सल असतो. हिशेबी क्लबचालकांना शिव्या घालणारा पाठीराखा स्वतःही इतका हिशेबी असावा, हे थोडे मौजेचे आहे.

गाण्याची दुधारी ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती २०१७ च्या उन्हाळ्यात. रोमाकडून मोहम्मद सलाह लिव्हरपूलला आला. एव्हर्टनकडून रोमेलू लुकाकू सुमारे साडेसात कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला आला. एक इजिप्तचा मुसलमान, दुसरा काँगोवंशीय बेल्जियन. दोघेही गोलांचा पाऊस पाडणारे. दोघांसाठीही गाणी रचली गेली. सलाहसाठी ‘डॉजी’ या चमूच्या १९९६ मधल्या ‘गुड इनफ’ची चाल घेतली गेली आणि त्यात पाठीराखे सांगू लागले, की हा असाच गोल करत राहिला, तर आम्हीही त्याच्या धर्माचे होऊ, त्याच्या मशिदीत जाऊन बसू. थट्टाच ती, पण तिच्यात धर्माचा उल्लेख आपुलकीने येत होता. २०२१ मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सलाहच्या आगमनानंतर मर्सीसाइड परगण्यात द्वेषमूलक गुन्ह्यांत १६ टक्के घट दिसून आली आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या मुस्लीमविरोधी ट्वीटचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हे श्रेय एकट्या गाण्याचे नव्हे, हे उघड आहे. तरीही आवडत्या माणसाची ओळख गात राहिल्याने ती परकी राहत नाही, एवढे खचितच.

लुकाकूच्या वाट्याला आले ते याच्या नेमके उलट. ‘स्टोन रोझेस’ या मँचेस्टरच्याच चमूच्या एका चालीवर रचलेल्या गाण्यात त्याच्या गोलांऐवजी काळ्या पुरुषाच्या शरीराविषयीची जुनाट, ओंगळ समजूत गुंफली होती. भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या ‘किक इट आऊट’ या संस्थेने हरकत घेतली. आम्ही तर कौतुकच करत आहोत, असे गाणाऱ्यांचे म्हणणे होते. लुकाकूने समंजसपणे लिहिले, की चाहत्यांचा हेतू चांगला असला, तरी आता हे मागे टाकू या; क्लबनेही गाणे थांबवण्याचे आवाहन केले. हेतू चांगला होता असे गृहीत धरले, तरी ज्याच्या नावाने गायचे त्याला ते ऐकवत नसेल, तर त्या कौतुकाला काय अर्थ?

शेवटी विल ग्रिगची गोष्ट सांगायला हवी. उत्तर आयर्लंडचा हा आघाडीवीर २०१५-१६ च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत विगनकडून २५ गोल करून गेला. गाला या इटालियन गायिकेच्या १९९६ च्या ‘फ्रीड फ्रॉम डिझायर’वर एका पाठीराख्याने त्याचे नाव बसवले, चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि महिन्याभरात ते साऱ्या युरोपच्या तोंडी झाले. क्लबने खूश होऊन त्या पाठीराख्याला हंगामाचे तिकीट भेट दिले. २०१६ च्या युरो स्पर्धेत उत्तर आयर्लंडचे प्रेक्षक फ्रान्समध्ये प्रत्येक सामन्याला ते गात राहिले. संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला. ग्रिग मात्र एक मिनिटही मैदानात उतरला नाही.

३१ जानेवारी २०१९ रोजी, विंडो बंद होण्याच्या अखेरच्या तासांत, तिसऱ्या श्रेणीतल्या सुंदरलँडने सुमारे तीस लाख पौंड मोजून त्याला घेतले. नकार येईल तशी बोली वाढवत नेण्याची ती धावपळ ‘सुंदरलँड टिल आय डाय’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेत पाहायला मिळते. तिथे त्याचे फारसे जमले नाही आणि २०२२ मध्ये त्याने क्लब सोडला. ती चाल मात्र पुढे गेली. त्यानंतर ती कितीतरी मैदानांवर, कितीतरी संघांच्या विजयानंतर वाजली आहे, बहुतेक वेळा कोणाचेही नाव न घेता.