डाळीचं लातूर, नीटचं लातूर

जपानने १९६३ मध्ये ठरवलं, की टोकियोतल्या सरकारी संशोधन संस्था साठेक किलोमीटरवरच्या त्सुकुबाच्या शेतशिवारात हलवायच्या. संस्था गेल्या, १९७३ मध्ये विद्यापीठ निघालं. टोकियोला पाऊण तासात पोचवणारी रेल्वे मात्र २००५ मध्ये आली. लातूरचा प्रवास याच्या उलट झाला. तूर-सोयाबीनच्या आडतीचं आणि डाळ मिलचं हे गाव १९८२ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि पुढे परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने शिक्षणाचं केंद्र बनलं. सरकारने आराखडा आखला नव्हता; महाविद्यालयं, खासगी शिकवण्या आणि पालकांची जिद्द यांनी ते घडवलं. आज नीटची तयारी करणाऱ्या पोरांवर खोल्यांची भाडी, खाणावळी, झेरॉक्सची दुकानं चालतात.

पण याला त्सुकुबासारखं विज्ञाननगर म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. इथे विज्ञानाची परीक्षा होते, संशोधन फारसं नाही. हुशार पोरगं बारावी झालं की पुण्या-मुंबईची गाडी धरतं. मराठवाड्यात पाणीच नाही, प्रयोगशाळा कुठल्या, असा आक्षेप येईल. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे खरंच. पण कोरडवाहू तूर आणि पाण्याचं व्यवस्थापन हेच तर इथल्या संशोधनाचे विषय. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातुरात त्याचं उपकेंद्रही. शिकवणीवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्यांच्या प्रयोगशाळांकडे कितीसं लक्ष जातं?