मुलांच्या खोलीतील सतरंजी

मोठ्या माणसाच्या दृष्टीने घरातील जमीन ही चालण्याची जागा असते. लहान मुलाला मात्र तीच शाळा, तेच मैदान आणि पुष्कळदा तीच निजण्याची जागा असते. ते तिच्यावर पालथे पडून चित्रे काढते, ठोकळ्यांचे मनोरे रचते, दूध सांडते आणि खेळता खेळता तेथेच झोपी जाते. म्हणून मुलांच्या खोलीत जमिनीवर काय अंथरावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. दिवाणखान्यातील गालिचा पुष्कळदा पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी घेतला जातो. मुलाच्या खोलीतील बिछायत त्याच्या त्वचेसाठी, श्वासासाठी आणि गुडघ्यांसाठी घ्यावयाची असते. दुकानात पहिली नजर रंगाकडे आणि नक्षीकडे वळते. वास्तविक ती सर्वांत शेवटी वळावयास हवी.

बिछायतीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. सतरंजी किंवा दरी ही उभ्या ताण्यात आडवा बाणा घालून सपाट विणलेली असते. ती बहुधा सुती असते आणि दोन्ही बाजूंनी वापरता येते. गालिच्याचे तसे नाही. ताण्याच्या दोऱ्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून तिची टोके वर मोकळी ठेवलेली असतात. त्या टोकांची मिळून जी मऊ, दाट लव तयार होते, तिच्यातच गालिच्याचे सुख असते आणि मुलांच्या दृष्टीने तिच्यातच त्याची उणीवही असते. लवेत धूळ खोल उतरते. धुळीबरोबर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तेथे वस्ती करतात. माणसाच्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण हे त्यांचे अन्न, आणि उबदार, दमट हवा त्यांना मानवते. त्यांच्या विष्ठेमुळे काही मुलांना शिंका, खोकला आणि दमा यांचा त्रास होतो.

म्हणूनच निवड करताना गावाची हवा विचारात घेणे अगत्याचे आहे. मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. जाड लवेचा गालिचा तेथे नीट वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, आणि गुंडाळून ठेवला तर कसर लागण्याची धास्ती असते. तेथे सुती सतरंजीच बरी. दिल्लीकडे किंवा माळव्यात हिवाळ्याच्या दिवसांत फरशी बर्फासारखी गार पडते. तेथील मराठी कुटुंबाने आखूड लवेचा लोकरी गालिचा घेतला तर ते वावगे ठरणार नाही. मात्र ज्या घरात मुलाला दमा आहे, त्या घरात हवा कोणतीही असो, धुऊन उन्हात घालता येईल अशीच बिछायत असावी.

धुण्याचा विचार आकाराशीही निगडित आहे. खोलीभर पसरणारी एकच सतरंजी शोभून दिसते खरी, पण ती भिजली की दोन माणसांना उचलत नाही, आणि मग ती महिनोन् महिने धुतलीच जात नाही. त्यापेक्षा मध्यम आकाराच्या दोन घेतल्या, तर एक दोरीवर वाळत असताना दुसरी वापरात राहते. रंग पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी पांढरा रुमाल ओला करून एका कोपऱ्यावर घासावा. रुमालाला रंग लागला, तर तो उद्या मुलाच्या कपड्यांना लागेल. गुळगुळीत लादीवर सतरंजी सरकते आणि धावणारे मूल तोंडघशी पडते. यासाठी खाली रबराची जाळी घालावी. रांगते मूल असेल, तर लांब गोंडे असलेला नमुना टाळावा, कारण दोरे ओढून तोंडात घालणे हा त्या वयाचा धर्मच आहे.

गालिचाच घ्यावयाचा असेल, तर तो उलटून पाहावा. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी पुढच्या इतकीच स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ मोजता येते. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर बहुधा लोकर यंत्राच्या पिस्तुलाने टोचून रबरी चिकाने बसवलेली असते. असा गालिचा स्वस्त पडतो. परंतु काही वर्षांनी तो चीक सुकतो, त्याचा भुगा होऊन जमिनीवर पडू लागतो, आणि पाण्यात धुणे त्याला सोसत नाही.

गालिच्याची पाठ पाहताना आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावयास हवी. एका चौरस इंचात ६० गाठी असलेला तीन फूट बाय पाच फुटांचा साधा गालिचा घेतला, तरी त्यात १,२९,६०० गाठी असतात, आणि त्यांतील प्रत्येक गाठ कोणाच्या तरी बोटांनी मारलेली असते. ती बोटे कोणाची? उत्तर प्रदेशातील भदोही आणि मिर्झापूर हा गालिच्यांचा विख्यात टापू; भदोहीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु याच टापूतील मागांवर आईबापांना थोडी उचल देऊन बिहारमधील खेड्यांतून आणलेली मुले राबत असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस वारंवार उघडकीस आले. लहान बोटांवाचून बारीक गाठ साधत नाही, असे समर्थन त्या काळी केले जाई. १९९० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केलेल्या अभ्यासात ते टिकले नाही. नाजूक वीण प्रौढ विणकरांनाही तितकीच उत्तम साधते, असे आढळले. लोकरीची धूळ छातीत जाणे, तासन् तास वाकून बसणे आणि अंधुक उजेडात डोळे ताणणे, हेच त्या मुलांच्या वाट्याला येत होते.

१९८६ च्या बालकामगार कायद्याने गालिचे विणण्याच्या कामावर चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास मनाई केली. घरच्या मागाला मात्र त्यात सूट होती. २०१६ च्या दुरुस्तीने ही मनाई सर्वच धंद्यांना लागू झाली. तरीही शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या उद्योगाला हातभार लावण्याची मुभा राहिली. माग घराघरांत विखुरलेले असल्यामुळे तपासणीही सोपी नाही. याच कारणासाठी १९९४ साली कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू झाले. २००९ पासून ते ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखले जाते. मागांची तपासणी करून बालकामगारांवाचून विणलेल्या गालिच्यांना ते दिले जाते. मात्र हे चिन्ह निर्यातीचा माल डोळ्यांसमोर ठेवून योजलेले होते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ते सहज पाहता येईल. येथील गिऱ्हाइकाला पुष्कळदा दुकानदारालाच विचारावे लागते.

हे विचारणे म्हणजे विणकरांवर बहिष्कार घालणे नव्हे. हातमागावर हजारो प्रौढ स्त्री-पुरुषांची चूल पेटते, आणि बापाला पुरेशी मजुरी मिळाली तरच मुलगा शाळेत टिकतो. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे स्त्रिया उभ्या मागावर सुंदर सतरंज्या विणतात. तेलंगणातील वरंगळच्या सतरंज्यांनाही २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विणकरांच्या सहकारी संस्था आणि सरकारी हस्तकला भांडारे येथे माल कोठून आला, हे बहुधा सांगता येते. गाठींच्या मानाने किंमत फारच कमी असेल, तर ती कोणाच्या मजुरीतून कमी झाली, हा प्रश्न गिऱ्हाइकाने अवश्य विचारावा. दहा दुकानांत दहा गिऱ्हाइकांनी तो विचारला, की अकराव्यासाठी दुकानदार उत्तर तयार ठेवतो.

मुलाला प्रश्न फार असतात. हत्तीच्या नक्षीवर बोट ठेवून ‘हे कोणी केले?’ असे ते केव्हा तरी विचारणारच. त्या वेळी आईबापांना न अडखळता खरे उत्तर देता यावे, इतकी चौकशी खरेदीच्या दिवशी झालेली असावी. रंग कोणता घ्यावा, हे मग खुशाल मुलावरच सोपवावे.