मंडळीचा निर्णय : ख्रिस्ती मंडळीतील दानविनियोगाची रीत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा स्तोत्रे, कीर्तने, आत्मचरित्रे आणि भाषांतरे यांवर स्थिरावते. मंडळीच्या कारभारातून निर्माण झालेले गद्य मात्र उपेक्षितच राहते. सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, दानाच्या याद्या हे लेखन रसिकांसाठी झालेले नाही, हे खरे. तथापि एका समाजाने 'आपले कोण' आणि 'परके कोण' या प्रश्नाची उत्तरे कसकशी दिली, याचा पुरावा इतक्या थेटपणे दुसरीकडे क्वचितच मिळतो. मंडळीपाशी जमलेला पैसा मंडळीबाहेरील समाजाच्या कोणत्या कामासाठी द्यावयाचा, हे ठरविण्याची रीत हा या पुराव्याचा गाभा होय. ती रीत समजून घेतल्यावाचून ही कागदपत्रे नीट वाचता येत नाहीत.

१

प्रारंभ शब्दांपासून करणे इष्ट. चर्च या अर्थाने मराठी पवित्र शास्त्राने 'मंडळी' हा शब्द स्वीकारला. हा शब्द घरगुती आहे. घरची मंडळी, भजनी मंडळी, १८८० मध्ये उदयास आलेली किर्लोस्कर नाटक मंडळी, अशा विविध प्रयोगांतून तो मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. अनेकांचा समूह सुचवूनही तो एकवचनी क्रियापद घेतो : 'मंडळी जमली', 'मंडळीने ठरविले'. अनेक माणसे आणि एक कर्ता, हा या शब्दाचा व्याकरणधर्म पुढील सर्व विवेचनाला उपयोगी पडणारा आहे. त्याच्या जोडीला पाळक, वडील, सेवक, अर्पण, दशमांश, उपकारस्तुती हे शब्द येतात. यांपैकी 'सेवक' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख पंगतीत वाढणाऱ्याकडे आहे. मंडळीतील एका पदाचे नाव वाटपाच्या कामावरून पडावे, यातच त्या कामाचे महत्त्व व्यक्त होते.

वाटप आणि तंटा यांचे नातेही तितकेच जुने आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी शिष्यांनी तक्रार केल्याचा वृत्तान्त आहे : रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी स्वतः वाटणी हाती घेतली नाही. त्यांनी समुदायाला बोलावून सात जण निवडावयास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप सोपविले गेले, असा याचा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. पौलाच्या पत्रांत या रीतीला आणखी तीन सूत्रांची जोड मिळते. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढावे. रक्कम पोहोचविणारी माणसे मंडळीने पसंत केलेली असावीत. आणि एवढा पैसा हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून तो एकट्याच्या हाती नसावा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांच्या यादीसाठी वयाची साठ वर्षांची अट आहे. शिवाय ज्या विधवेला नातलग आहेत तिचा भार प्रथम त्यांनी उचलावा, मंडळीवर टाकू नये, असा दंडकही आहे. पात्रता, प्राधान्य आणि हिशेब हे आजच्या कोणत्याही समितीपुढील तीन प्रश्न तेथे स्पष्टपणे उपस्थित झालेले दिसतात.

२

महाराष्ट्रात मात्र ही रीत मंडळीच्या हाती येण्यास दीर्घ काळ जावा लागला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्याचे ठाणे पडले. ('अहिल्यानगर' हे त्या शहराचे नाव २०२४ मधील.) शाळा, दवाखाने, छापखाने, अनाथगृहे यांसाठी लागणारा पैसा परदेशातून येत असे. तो कोठे खर्च करावयाचा हे मिशनऱ्यांची सभा ठरवी, आणि तिच्यावर बॉस्टन येथील मंडळाचे नियंत्रण असे. त्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा, या त्रिसूत्रीचा त्यांनी आग्रह धरला. सूत्र उत्तम होते, परंतु त्याची दुसरी बाजू कठोर होती. मंडळीतील बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजांतील, भूमिहीन अथवा अल्पभूधारक होती. ज्यांच्यापाशी द्यावयास फारसे काही नाही त्यांनी देऊन निर्णयाचा अधिकार मिळवावा, अशी ही अपेक्षा होती.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा प्रश्न अधिक बिकट केला. अन्न, काम आणि आश्रय यांची व्यवस्था मिशनने केली. पुढे नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली, आणि धान्यासाठी धर्म घेतल्याचा आक्षेप त्या पिढीला चिकटला. पुढील काळात मंडळीने बाहेरच्यांसाठी केलेल्या प्रत्येक कामाकडे याच शंकेने पाहिले गेले. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भ त्या वेळी त्याच राज्यात होता. शाळा आणि रुग्णालये ही धर्मांतराची साधने आहेत, हा आरोप त्या अहवालाने अधिकृतपणे नोंदविला. एखादे काम निवडताना 'याचा अर्थ गावात काय लावला जाईल' हा प्रश्न मंडळीच्या सभेत उठतो, त्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

परावलंबनाचा सल मराठी ख्रिस्ती साहित्यिकांनाही जाणवत होता. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी व तिचे वेतन सोडले आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांचा आग्रह देशी मनाच्या, देशी रीतीच्या ख्रिस्तनिष्ठेचा होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये या वृत्तीचे घरातील रूप दिसते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, समोर आलेल्या गरजवंताला ते देऊन टाकीत आणि संसाराचा मेळ लक्ष्मीबाईंना घालावा लागे. व्यक्तीच्या औदार्याला सभा लागत नाही, ठराव लागत नाही, पण त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते, हे त्या ग्रंथाइतक्या नितळपणे अन्यत्र आढळत नाही. मंडळीची निर्णयपद्धती या औदार्यालाच शिस्त लावू पाहते.

३

अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या व्यवस्थेत स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि सभासदांनी निवडलेली समिती पाहते. समितीच्या वर धर्मप्रांत आणि त्याच्या वर सिनड आहे. दशमांश, रविवारचे अर्पण, उपकारस्तुतीची दाने आणि हंगामाच्या सणाला येणारे धान्य, फळे, कोंबड्या ही उत्पन्नाची साधने होत. हंगामाच्या सणाच्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो, आणि एखादा भोपळा त्याच्या बाजारभावाच्या कितीतरी पटीने विकत घेतला जातो. हाही दानाचाच एक प्रकार होय. या रकमेतून प्रथम पाळकाचे वेतन, धर्मप्रांताकडे द्यावयाचा वाटा आणि इमारतीची दुरुस्ती भागवावी लागते. समाजकार्याचा प्रश्न उरलेल्या रकमेपुरताच असतो, आणि ती उरतेच असे नाही.

निवडीचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दीडशे कुटुंबांच्या एका मंडळीपुढे तीन सूचना आल्या आहेत, असे समजावे. पहिली, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या फीची. दुसरी, ऊसतोडणीसाठी आईबाप गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांना सहा महिने जेवण देण्याची. तिसरी, वस्तीवर कूपनलिका घेण्याची. पहिली बव्हंशी मंडळीतल्यांसाठी, दुसरी बव्हंशी मंडळीबाहेरच्यांसाठी, तिसरी सर्वांसाठी आहे.

वरवर पाहता दुसरीचे पारडे जड वाटते, कारण सेवेचा अर्थच बाहेरच्याकडे जाणे असा आहे. तथापि पहिलीच्या बाजूचा युक्तिवाद केवळ स्वार्थाचा नाही. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश ख्रिस्ती झालेल्यांना त्या सूचीतून वगळतो. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. त्यामुळे एकाच आळीतील, एकाच पूर्वजातीतील दोन मुलांपैकी एकाला शासनाची शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. मंडळीने त्याची फी भरली नाही तर ती कोण भरणार, हा प्रश्न सभेला सहज टाळता येत नाही. तिसऱ्या सूचनेत वाद कमी, पण जबाबदारी अधिक असते. जमीन कोणाची, वीजबिल कोणी भरावयाचे, पंप बिघडला तर कोणाकडे जावयाचे, हे आधी न ठरविता घेतलेली कूपनलिका दुसऱ्याच उन्हाळ्यात निरुपयोगी ठरू शकते.

अशा वेळी जाणत्या समित्या चार कसोट्या लावताना आढळतात. गरज ज्याची, त्यानेच ती मागितली आहे काय? मंडळीचे पैशाखेरीज दुसरे काही, म्हणजे शिक्षिका, परिचारिका, गवंडी अथवा रिकामी खोली, या कामाला लागणार आहे काय? पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तरी काम चालेल काय? आणि लाभ घेणाऱ्याला उपासनेला येण्याचे बंधन, उघड वा सुप्त, वाटणार नाही ना? चौथ्या कसोटीमुळेच वाटपाची जागा व वेळ उपासनेपासून वेगळी ठेवण्याची दक्षता घेतली जाते. या कसोट्यांवर वरील उदाहरणात दुसरी सूचना टिकू शकते, परंतु तिच्यासाठी पहिलीचा संपूर्ण त्याग करावा काय, हे कसोट्या सांगत नाहीत. तेथे मंडळीला आपल्या सद्सद्विवेकाचाच आधार घ्यावा लागतो.

कायद्याचीही चौकट आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमानुसार हिशेब तपासून घेणे आवश्यक असते, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून स्थावर विकता येत नाही. विदेशी देणग्यांवर १९७६ च्या आणि नंतर २०१० च्या कायद्याने नियंत्रण आले. २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळविण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीपर्यंत येणारा विदेशी पैशाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. अँडरसन यांची त्रिसूत्री एका अर्थी कायद्याने अंमलात आणली, असे म्हणावे लागते.

४

ही रीत सर्वत्र एकसारखी नाही. वसईतील मराठीभाषक कॅथलिक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असणे १९८३ च्या धर्मविधिसंहितेने अनिवार्य केले. परंतु तेथील मंडळे सल्ला देतात आणि अंतिम शब्द धर्मगुरूचा असतो. मिझोराममध्ये १९१० पासून प्रेस्बिटेरियन स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढीत आल्या आहेत. 'बुहफाइ थाम' या नावाने ही प्रथा ओळखली जाते. तेथे संकलन चुलीपाशी, पण विनियोग बहुतांशी सिनडच्या हाती, अशी विभागणी आहे. मराठी मंडळीत याच्या उलट स्थिती दिसते : निधी अल्प, पण त्यावरची चर्चा दीर्घ आणि घराजवळची. मूठ बाजूला काढणारी स्त्री निर्णयाच्या बैठकीत किती वेळा बोलते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारण्यासारखा आहे.

५

यावरून इतिवृत्ते कशी वाचावीत, याची दिशा मिळते. 'सर्वानुमते ठरविण्यात आले' हे या गद्यातील ठरीव वाक्य आहे. त्यातील कर्मणी प्रयोग वाद झाकतो. कोणी विरोध केला, कोणाची सूचना मागे पडली, हे तो सांगत नाही. 'मंडळीने ठरविले' या एकवचनी वाक्यरचनेतही अनेकांचा आवाज एकात विरून जातो. अभ्यासकाने म्हणून ठरावाइतकेच लक्ष पुढे ढकललेल्या विषयांकडे, यादीतून गळालेल्या नावांकडे आणि वर्षावर्षांतील रकमांच्या फरकाकडे दिले पाहिजे. ज्या वर्षी पाऊस पडला नाही त्या वर्षी हंगामाच्या सणाचे अर्पण किती होते, आणि त्यातून प्रथम कोणाला दिले गेले, हे एका ओळीत नोंदलेले असते. त्या ओळीत अलंकार नाही, पण त्या समाजाने स्वतःविषयी केलेले सर्वांत प्रामाणिक विधान बहुधा तेच असते.